ओक की साग? इंग्रजांच्या आरमाराचा हा वाद मुंबईच्या गोदीत मिटवणारे जमशेटजी वाडिया

जळगाव-धुळ्याकडे कुणी घर बांधायला काढलं की सिमेंट, सळई, वाळू यांचा हिशेब पटापट होतो. गाडी अडते ती दरवाजा-चौकटीवर. कुणी म्हणतं लोखंडी बसवा, कुणी म्हणतं फायबरचा घ्या. आणि घरातली म्हातारी माणसं एकच शब्द बोलतात, साग. जुन्या वाड्यांचे खांब आणि तुळया त्यांनी पाहिलेल्या असतात. भिंतीची माती गळून पडली तरी लाकूड जागेवर असतं.

समुद्र खानदेशापासून लांब. पण महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या लोकांचीही गाडी अगदी इथंच अडते. शिडाच्या यॉटमधून जगप्रवासाला निघणारे लोक वर्षानुवर्षं एकाच प्रश्नावर भांडत असतात, नौकेचं अंग कशाचं असावं?

फायबरची नौका स्वस्त पडते, बाजारात सगळ्यात जास्त तीच मिळते. पण खडकावर जोरात आपटली तर तडकते. पोलाद दणकट, पण जड, आणि गंजाशी कायमची लढाई. म्हणून ध्रुवाकडच्या बर्फात किंवा प्रवाळाच्या बेटांकडे जाणारे बरेच जण ॲल्युमिनियमकडे वळतात. ते हलकं असतं आणि आपटलं तर फुटण्याऐवजी बहुधा पोचा येतो. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, त्यामुळे पाण्याच्या वरचा भाग कित्येक जण रंगवतही नाहीत. फ्रान्समधल्या गार्सिया, बोरेआल, अलुबा अशा कारखान्यांचं नाव या नौकांसाठी घेतलं जातं. यातल्या बऱ्याच नौकांचा मधला पाता वर उचलता येतो, त्यामुळे ओहोटीला नौका सरळ वाळूवर बसवता येते. भानगड एकच, तांबं. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला तांब्याची संगत लागली की ॲल्युमिनियम झिजत जातं. म्हणून तळाला तांब्याचा रंग चालत नाही आणि जस्ताचे तुकडे बसवावे लागतात. नौकेऐवजी ते झिजतात.

हा सगळा वाद २०० वर्षांपूर्वीही होता. तेव्हा ॲल्युमिनियम कुणाला माहीत नव्हतं. सामना दोन लाकडांचा होता, इंग्लंडचा ओक आणि हिंदुस्थानचा साग. आणि त्याचा निकाल लावणारा माणूस मुंबईच्या गोदीत वयाच्या विशीआधीच सुतारकाम शिकला होता. त्यांचं नाव जमशेटजी बोमनजी वाडिया.

वाडिया म्हटलं की आज आपल्याला बॉम्बे डाइंगच्या चादरी आठवतात. ती कंपनी १८७९ मध्ये निघाली. पण या घराण्याचा मूळ धंदा जहाजं बांधण्याचा, आडनावच त्या कामावरून पडलेलं. जमशेटजींचे आजोबा लवजी नसरवानजी सुरतेला जहाजं बांधायचे. ईस्ट इंडिया कंपनीनं १७३६ मध्ये त्यांना मुंबईला आणलं. जहाज आत घेऊन पाणी काढून टाकायचं आणि कोरड्यात तळाची दुरुस्ती करायची, अशी पक्की सुकी गोदी १७५० मध्ये मुंबईत उभी राहिली. लवजींच्या हयातीतच आणखी दोन झाल्या. आज ही जागा नौदलाच्या ताब्यात आहे.

जमशेटजींचा जन्म १७५४ चा. आजोबा मुख्य बांधकामी, म्हणजे नातवाला गादी आयतीच मिळाली असेल असं वाटतं. तसं झालं नाही. जमशेटजी आणि त्यांचे चुलत भाऊ फ्रामजी यांना लवजींनी महिना १२ रुपयांवर साध्या सुतारांच्या रांगेत उभं केलं. लाकूड पारखायचं, तासायचं, सांधे बसवायचे, हे सगळं आधी हातानं. १७९० च्या दशकात गोदीची जबाबदारी दोघांकडे आली आणि १८०४ मध्ये फ्रामजी गेल्यावर जमशेटजी एकटे मुख्य बांधकामी झाले.

त्याच काळात इंग्लंडची मोठी अडचण झाली होती. फ्रान्सशी युद्ध सुरू होतं आणि ओक कमी पडत होता. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला सुमारे २,००० मोठे ओक लागतात, असा तेव्हाचा ठोकताळा होता. एक ओक त्या जाडीचा व्हायला शंभर वर्षं सहज जातात. म्हणजे जंगलच संपत आलं होतं.

आणि ओकची आणखी एक खोड होती. त्याच्या लाकडात टॅनिक आम्ल असतं, ते आतले लोखंडी खिळे खातं. सागात तेल असतं, त्यात लोखंड टिकतं. सागाला कीडही सहज लागत नाही आणि उष्ण समुद्रात तो ओकइतका लवकर कुजत नाही. खिळ्यांचा प्रश्न ब्रिटिश आरमारानं एकदा स्वतःच ओढवून घेतला होता. समुद्री किड्यांपासून बचाव म्हणून जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, तर त्या तांब्यानं शेजारचे लोखंडी खिळे झिजवायला सुरुवात केली. शेवटी खिळे बदलावे लागले. तांब्याची जी संगत आज ॲल्युमिनियमला बाधते, तीच ही.

१८०० च्या सुमारास जमशेटजींनी कंपनीसाठी कॉर्नवॉलिस नावाची फ्रिगेट बांधली. ती पाहून लंडनच्या आरमार खात्यानं आपली जहाजं मुंबईत बांधून घ्यायचं ठरवलं. आधी विचार होता की त्यावर एखादा इंग्रज बांधकामी पाठवावा. पण जमशेटजींच्या कामाची ख्याती एवढी होती की तो बेत सोडून द्यावा लागला. त्या काळात गोऱ्यांच्या आरमारानं एका हिंदी माणसावर हे काम एकट्यावर सोपवणं ही साधी गोष्ट नव्हती. याच फ्रिगेटबद्दल एक कथा सांगतात. जमशेटजींनी तिच्या आतल्या एका तुळईवर, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, हे जहाज एका काळ्या माणसानं बांधलंय अशा अर्थाचं वाक्य शिवीसकट कोरून ठेवलं होतं, आणि पुढे जहाज दुरुस्तीला आल्यावर त्यांनी ते स्वतः दाखवलं. कथा खरी की रचलेली, हे बाजूला ठेवलं तरी ती इतकी वर्षं सांगितली जाते यातच बरंच आलं.

पुढची यादी मोठी आहे. १८०५ मध्ये पाण्यात उतरलेली फ्रिगेट पुढे साल्सेट नावानं ओळखली गेली. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. ती बाल्टिक समुद्रात ऐन हिवाळ्यात बर्फात अडकली आणि त्यातून सुटली. उष्ण देशातलं लाकूड थंडीत टिकेल का, या शंकेला ते उत्तर होतं. १८१० मध्ये ७४ तोफांची मिंडेन आली. एवढी मोठी ब्रिटिश युद्धनौका ब्रिटनच्या बाहेर बांधली जाण्याची ही पहिलीच वेळ.

मिंडेनवरून एक दावा सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी फिरतो. अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की त्या रात्री मुंबईत बांधलेल्या मिंडेनवर होते, असा. ऐकायला भारी वाटतं, पण ते तेव्हा अमेरिकेच्याच एका तहाच्या नौकेवर होते. जमशेटजींचं मोठेपण सांगायला या गोष्टीची गरजही नाही. १८१३ ची दुसरी कॉर्नवॉलिस, तीही ७४ तोफांची आणि जमशेटजींनीच बांधलेली, तिच्यावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. त्याच तहात हाँगकाँग चीनच्या हातून गेलं.

लंडनच्या जहाज बांधणाऱ्यांना हे सगळं बोचत होतं. सागाची जहाजं चांगली आहेत हे त्यांना नाकारता येत नव्हतं, म्हणून तक्रार पोटापाण्याची झाली. इथं जहाजं बांधून घेतली तर आमच्या कामगारांनी काय करायचं? १८१४-१५ च्या सुमारास संसदेनं हिंदुस्थानात बांधलेल्या व्यापारी जहाजांवर आणि त्यांवरच्या हिंदी खलाशांवर बंधनं घातली. आरमाराची मागणी चालू राहिली, पण व्यापारी जहाजांचा धंदा आकसला. लाकूड कोणतं सरस हे ठरलं होतं, पण धंदा कुणी करायचा हे लंडनमध्ये ठरत होतं.

आणि लाकूड येत कुठून होतं? मुख्यतः मलबारातून. आरमाराला साग मिळावा म्हणून कंपनीनं १८०६ मध्ये तिथल्या जंगलांवर एक लष्करी अधिकारी नेमला आणि सागाच्या झाडावर सरकारी हक्क सांगितला. जंगलात राहणाऱ्यांना आपलीच झाडं तोडायची बंदी झाली. खानदेशच्या शेजारी तेच थोडं उशिरा घडलं. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचे भाडेपट्टे करून घेतले, तेही सागासाठीच. तेव्हा डांगवर देखरेख खानदेशच्या इंग्रज अधिकाऱ्यांची होती. जहाजांच्या कौतुकात ही बाजू बहुतेक वेळा येत नाही.

जमशेटजींच्या हातचं सगळ्यात नावाजलेलं जहाज मात्र जवळजवळ सुरूच होणार नव्हतं. ट्रिंकोमाली या फ्रिगेटचे नकाशे इंग्लंडहून जावा नावाच्या युद्धनौकेवरून निघाले. वाटेत, १८१२ च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशननं जावाला हरवलं आणि नकाशे गेले. दुसरी प्रत मागवावी लागली. काम सुरू झालं ते १८१६ मध्ये. पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या तळाच्या मुख्य तुळईत चांदीचा खिळा ठोकला गेला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली.

१८२१ मध्ये जमशेटजी वारले. मुलगा नौरोजीनं काम पुढे नेलं. त्यांनी बांधलेली एशिया १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचं जहाज होती. पण लवकरच वाफेची इंजिनं आली, मागून लोखंडी जहाजं आली. सागाला हरवलं ते ओकनं नव्हे, धातूनं.

जमशेटजींचं एक चित्र ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे. पांढरा अंगरखा, हाती जहाजाचा नकाशा, कमरेला कंपनीनं बक्षीस दिलेली चांदीची मोजपट्टी.

त्यांच्या जहाजांपैकी १८१५ ची वेलस्ली १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडाली, म्हणजे १२५ वर्षांची होऊन. नानकिंगवाली कॉर्नवॉलिस इंग्लंडमध्ये शेवटी धक्का म्हणून वापरात होती, ती १९५७ मध्ये मोडली. ट्रिंकोमाली १९८७ मध्ये इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात आणली गेली आणि डागडुजी होऊन २००१ मध्ये पूर्ण उभी राहिली. अजून पाण्यावर तरंगत असलेली ती ब्रिटनची सर्वात जुनी युद्धनौका आहे आणि तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं.