डॉ. खानोलकर आणि ‘सीईए’चा आकडा

ओपीडीत दोन प्रकारचे कागद नेहमी समोर येतात. पहिला असतो धाडकडच्या एखाद्या पन्नाशीतल्या शेतकऱ्याचा. शौचावाटे रक्त जाते म्हणून वर्षभर मूळव्याधीचे औषध चालू असते. कागदावर ‘सीईए २.१, नॉर्मल’ लिहिलेले असते आणि ते पाहून कुणीतरी त्याला कॅन्सर नाही म्हणून सांगितलेले असते. दुसऱ्या कागदावर ४.६ असते, आणि घरात रडारड सुरू असते. हा गडी रोज बिडीचे बंडल संपवतो, हे मात्र कुणी विचारलेले नसते.

असे कागद पाहिले की मला डॉ. वसंत रामजी खानोलकर आठवतात. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून आम्हा डॉक्टरांना त्यांचे नाव ठाऊक असते. त्यांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५चा. लंडन विद्यापीठातून १९२३ साली ते पॅथॉलॉजीत एमडी झाले. परत आल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले. लंडनची पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरने पेशंट सोडून मायक्रोस्कोपपाशी बसायचे, यात पैसा नव्हता आणि नावही कमीच. आजही फारसे वेगळे नाही. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरिअल हॉस्पिटल सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

देशभरातून येणाऱ्या गाठींचे तुकडे त्यांच्या टेबलावर येऊ लागले. काचपट्टीवर पेशी कॅन्सरची दिसली की पॅथॉलॉजिस्टचे काम खरे तर संपते. खानोलकर तिथून पुढे विचारत: माणूस कुठला, नेसतो काय, ओढतो-चघळतो काय? या विचारपुशीतून सूर्याबाई यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा लेख १९४५ साली एका अमेरिकन नियतकालिकात आला. भारतीय सवयींशी जोडलेले कॅन्सरचे तीन प्रकार त्यात होते. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी घट्ट बसते, तिथली कातडी घासून जाड होते, रंग बदलते, शेवटी न भरणारी जखम होते. तो धोतराचा कॅन्सर. बिहारात तंबाखू-चुन्याची खैनी खालच्या ओठामागे दाबून ठेवतात, तिथे ओठाचा. आंध्राच्या किनाऱ्यावर बायका चुट्टा जळते टोक तोंडात धरून ओढतात, तिथे टाळूचा. परकराच्या आवळलेल्या नाडीखाली झालेला तसलाच कॅन्सर अगदी अलीकडे आपल्या वर्ध्याच्या डॉक्टरांनीही नोंदवला आहे.

आता त्या आकड्याकडे. सीईए हे प्रथिन गर्भाच्या आतड्यात असते, जन्मानंतर जवळजवळ नाहीसे होते आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये पुन्हा वाढते. १९६५ साली माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी ते शोधले, तेव्हा खानोलकर सत्तरीचे होते. रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर पकडता येईल, अशी आशा त्या वेळी वाटली होती. ती टिकली नाही. गाठ लहान असताना सीईए बऱ्याचदा नॉर्मलच असते. उलट लिव्हरच्या आजारात, आतड्याच्या सुजेत आणि धूम्रपान करणाऱ्यांत कॅन्सर नसतानाही ते वाढते. न ओढणाऱ्याला साधारण ३ नॅनोग्रॅमपर्यंत नॉर्मल धरतात, ओढणाऱ्याला ५पर्यंत. म्हणजे बिडीवाल्याच्या ४.६ने घर हादरायचे कारण नव्हते, आणि २.१वाल्याने निर्धास्त राहणे धोक्याचे होते.

ही तपासणी टाकाऊ आहे असे मात्र नाही. ऑपरेशनआधी सीईए वाढलेले असेल आणि गाठ पूर्ण निघाली असेल, तर चार-सहा आठवड्यांत ते खाली येते. पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी मोजत राहिले आणि आकडा चढू लागला, तर आजार परतल्याची पहिली खूण अनेकदा तिथेच मिळते.

खानोलकरांचे नंतरचे आयुष्य मोठमोठ्या पदांचे. १९५० ते १९५४ ते आंतरराष्ट्रीय कॅन्सरविरोधी संघाचे अध्यक्ष होते. १९५२ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभे केले. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे तिथेच नावारूपाला आल्या. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंमध्ये कसा शिरतो, यावरही त्यांनी बरीच वर्षे काम केले. पद्मभूषण मिळाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपदही. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले.

२.१वाल्या पेशंटला आम्ही गुदद्वाराची बोटाने तपासणी करून कोलोनोस्कोपीला पाठवतो. गाठ दिसली तर तुकडा काढून पॅथॉलॉजीला जातो. सोबतच्या फॉर्मवर वय, गाव, व्यवसाय, तंबाखू असे रकाने असतात. ओपीडीच्या गर्दीत ते बहुतेक वेळा कोरेच जातात. माझ्या हातूनही गेले आहेत.