बायकोचे दागिने जुगारात घालवणाऱ्या डॉक्टरने फाशांचं गणित मांडलं

इटलीतलं व्हेनिस शहर. एका सिनेटरच्या घरी पत्त्यांचा डाव रंगला होता. जिरोलामो कार्डानो हा तरुण पैसे, अंगठ्या, अंगावरचे कपडे हरत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की पत्त्यांवर खुणा आहेत. पठ्ठ्याने खंजीर काढून सिनेटरच्या तोंडावर वार केला, आपले पैसे उचलले आणि पळाला. त्याच रात्री तो पाण्यात पडला. एका नावेतल्या लोकांनी वर ओढलं, तर नावेत समोर तोंडाला पट्टी बांधलेला तोच सिनेटर! त्याने मात्र कार्डानोला कोरडे कपडे दिले आणि सोबत नेलं. हा किस्सा कार्डानोच्याच आत्मचरित्रातला आहे, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला.

कार्डानोचा जन्म १५०१ चा, पाविया शहरातला. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून डॉक्टर होऊनही मिलानच्या वैद्यमंडळाने त्याला अनेक वर्षं दारात उभं केलं नाही. मग पोट भरायला जुगार. त्यात बायकोचे दागिने गेले, घरातलं सामान गेलं.

पण हरता हरता तो मोजत होता. दोन फासे टाकले की एकूण ३६ शक्यता. त्यात बेरीज ७ येण्याच्या ६, तर १२ येण्याची फक्त १. हव्या असलेल्या शक्यता भागिले एकूण शक्यता, हा संभाव्यतेचा पाया त्याने घातला. काही हिशेब चुकलेही.

मात्र हे गणित चालतं ते फासा प्रामाणिक असेल तरच. म्हणून त्याच पुस्तकात त्याने लबाडीवरही लिहिलं. कोणी पत्त्यांना साबण लावतो, कोणी अंगठीतल्या आरशात समोरच्याचे पत्ते बघतो. हरणारा रागाने कसा पेटतो, हेही त्यात आहे. ते तर त्याने अनुभवलंच होतं.

गंमत म्हणजे फसवणुकीचा आरोप त्याच्यावरही झाला. शपथ घालून सांगितलेली समीकरणं सोडवण्याची रीत त्याने १५४५ मध्ये छापली, असं गणिती तार्ताग्लिया शेवटपर्यंत म्हणत राहिला.

१५६० मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला बायकोवर विषप्रयोग केल्याबद्दल मृत्युदंड झाला. १५७६ मध्ये कार्डानो रोममध्ये वारला. जुगारावरचं पुस्तक छापून आलं १६६३ मध्ये. तोवर पास्कल आणि फर्मा यांचा १६५४ चा पत्रव्यवहार होऊन गेला होता, आणि संभाव्यतेच्या जन्माचं श्रेय त्या दोघांच्या नावावर जमा झालं.