पश्चात्तापी राजा दावीद

जुन्या करारांत पन्नासावें वर्ष ज्युबिलीचें वर्ष म्हणून नेमलेलें आहे. त्या वर्षाचें शिंग कोणत्या दिवशीं फुंकावयाचें, तर प्रायश्चित्ताच्या दिवशीं, असा नियम लेवीयाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत दिला आहे. आनंदाच्या वर्षाचा आरंभ पश्चात्तापानें व्हावा, अशीच ही देवाची योजना होय. आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेंत त्याकरितां आम्ही एका पश्चात्तापी राजाचें चरित्र भाविकांपुढें ठेवीत आहों.

दावीद हा बेथलेहेम येथील इशायाच्या आठ पुत्रांपैकीं धाकटा. ख्रिस्तजन्मापूर्वीं सुमारें १००० वर्षें हा त्याचा काळ. तो केवळ कल्पित पुरुष असावा अशी शंका कांहीं पंडित घेत असत. परंतु १९९३ सालीं इस्राएलच्या उत्तर भागांत तेल दान येथें ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतील एक शिलालेख सांपडला, आणि त्यांत दावीदाच्या घराण्याचा उल्लेख असल्याचें बहुतेक विद्वान मानतात. बापाचीं मेंढरें राखणाऱ्या या मुलास शमुवेल संदेष्ट्यानें तेलाचा अभिषेक केला. पुढें गोफणीच्या एका धोंड्यानें त्यानें गल्याथास पाडिलें, ही गोष्ट तर आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे.

त्याला अभिषेक झाला तो शौल राजा नाकारला गेल्यामुळें. शौलाचा अपराध काय होता, हें नीट लक्षांत घेतलें पाहिजे. अमालेकी लोकांचें कांहींही राखूं नये अशी देवाची आज्ञा असतां त्यानें त्यांच्या राजास जिवंत ठेविलें आणि उत्तम मेंढरें व गुरें राखिलीं. शमुवेलानें जाब विचारतांच त्यानें दोष लोकांवर ढकलला, आणि जनावरें यज्ञाकरितां ठेविलीं अशी सबब सांगितली. यज्ञापेक्षां आज्ञापालन श्रेष्ठ, असें शमुवेलानें त्यास बजाविलें. शेवटीं शौलानें पाप कबूल केलें खरें, पण लागलींच लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर आपला मान राखावा अशी विनंति केली. देवापेक्षां त्याला आपल्या अब्रूची चिंता अधिक होती.

पुढें शौल दावीदाच्या जिवावर उठला, आणि दावीद सुमारें ६०० माणसांसह रानावनांत लपत फिरला. एन-गेदीच्या गुहेंत शौल हातीं लागला असतांही त्यानें त्याच्या झग्याचा कांठ तेवढा कापला. देवाच्या अभिषिक्तावर हात टाकला नाहीं. वयाच्या ३० व्या वर्षीं तो राजा झाला. हेब्रोन येथें साडेसात वर्षें व यरुशलेम येथें ३३ वर्षें त्यानें राज्य केलें. कराराचा कोश त्यानें मोठ्या हर्षानें यरुशलेमांत आणिला.

असा हा देवभक्त राजा पडला. सैन्य अम्मोनी लोकांच्या राब्बा नगरास वेढा देऊन बसलें असतां तो मात्र राजवाड्यांत राहिला. तेथून त्याची नजर उरीया हित्ती याच्या पत्नीवर, बथशेबेवर, गेली, आणि त्यानें तिला आणवून घेतलें. ती गरोदर आहे असें कळतांच पाप झांकण्यासाठीं त्यानें उरीयास रणांगणावरून बोलाविलें. परंतु सोबती उघड्या मैदानांत असतां आपण घरीं सुख भोगावें, हें त्या एकनिष्ठ शिपायास रुचेना. तेव्हां दावीदानें उरीयाच्या मृत्यूचा हुकूम लिहिलेलें पत्र उरीयाच्याच हातीं सेनापति यवाबास पाठविलें. उरीया लढाईच्या तोंडीं दिला गेला आणि मारला गेला. बथशेबेस मुलगा झाला तरी राजा गप्पच होता.

मग देवानें नाथान संदेष्ट्यास पाठविलें. नाथानानें त्यास एक गोष्ट सांगितली: एका श्रीमंतापाशीं पुष्कळ मेंढरें होतीं, तरी पाहुण्याच्या जेवणासाठीं त्यानें एका गरिबाची एकुलती, लेकीसारखी वाढविलेली मेंढी हिरावून घेतली. राजानें संतापून तो मनुष्य मृत्युदंडास पात्र ठरविला आणि चौपट भरपाई फर्माविली. तो मनुष्य खुद्द राजाच आहे, असें नाथानानें सांगतांच दावीदानें ना सबब सांगितली, ना बथशेबेवर दोष ठेविला, ना संदेष्ट्यास हांकलून दिलें. आपण परमेश्वराविरुद्ध पाप केलें, एवढेंच तो बोलला. पाहूं गेल्यास त्याचें पाप शौलाच्या पापाहून भयंकर. परंतु शौलानें तोंड लपविलें आणि दावीदानें तें देवाकडे वळविलें.

देवानें त्यास क्षमा केली. शिक्षा मात्र टळली नाहीं. हीच गोष्ट आमच्या अनेक भाविकांना जड जाते. पापनिवेदन केलें, क्षमा मिळाली, मग हें दुःख कां, असें ते आम्हांस विचारतात. पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण अशी कीं, क्षमेनें दोष व सार्वकालिक शिक्षा नाहींशी होते, तरी पापाची ऐहिक शिक्षा पुष्कळदां उरते. ट्रेंटच्या विश्वपरिषदेनें १५५१ सालीं हें स्पष्टपणें मांडलें आहे. ही शिक्षा सूड नव्हे. हिब्रूंस लिहिलेल्या पत्राचा १२ वा अध्याय सांगतो त्याप्रमाणें, बाप आपल्या मुलास वळण लावतो तसें तें देवाचें करणें आहे.

दावीदानें ही छडी कशी सोशिली, हें पाहण्यासारखें आहे. तान्हें मूल आजारी पडलें, तेव्हां तो उपवास करीत जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशीं मूल गेलें. तें कळतांच तो उठला, स्नान केलें, आणि प्रथम देवाच्या घरीं जाऊन त्यास नमन केलें. पुढें ज्येष्ठ पुत्र अम्नोन यानें सावत्र बहीण तामार हिची अब्रू घेतली. तिचा सख्खा भाऊ अबशालोम यानें त्यास मारविलें, आणि मग तोच अबशालोम बापावर उठला. दावीद अनवाणी, डोकें झांकून, रडत जैतून डोंगर चढला. याजकांनीं सोबत आणिलेला कराराचा कोश त्यानें शहरांत परत पाठविला. आपणांस परत आणावें कीं न आणावें, हें त्यानें देवाच्या मर्जीवर सोंपविलें. वाटेंत शिमी नांवाचा मनुष्य शिव्याशाप देत धोंडे मारूं लागला. अबीशय त्याचें डोकें उडवावयास निघाला, पण राजानें त्यास आवरलें. त्या शिव्याशापांतही देवाचा हात असेल, असें तो मानीत होता. अशा रीतीनें त्याचे तीन पुत्र त्याच्या हयातींत गेले, आणि तरी त्यानें देवाशीं भांडण मांडलें नाहीं.

पुढें प्रजेची शिरगणती करून त्यानें पुन्हां पाप केलें, तेव्हां मरीनें ७०,००० माणसें मेलीं. शिक्षा आपणांवर व आपल्या घराण्यावर यावी, या गरीब मेंढरांवर नको, अशी त्यानें प्रार्थना केली. देवाच्या सांगण्यावरून त्यानें अरवनाच्या खळ्यांत वेदी बांधिली. अरवना खळें व बैल फुकट देत होता. परंतु फुकटाचें अर्पण देवास करावयाचें नाहीं म्हणून राजानें ५० शेकेल रुपें मोजून दिलें. त्याच जागीं पुढें शलमोनानें मंदिर उभारिलें. पश्चात्तापाची वेदी आधीं, आणि मग देवाचें घर!

ख्रिस्तसभा २९ डिसेंबर रोजीं दावीदाचें स्मरण करिते. नाथानाच्या भेटीशीं जोडलेलें त्याचें पश्चात्तापाचें स्तोत्र आम्ही धर्मगुरू दर शुक्रवारीं प्रभातवंदनेंत म्हणतों.

प्रिय भाविकहो, सणाच्या दिवसांत देऊळ सजेल, मिरवणूक निघेल, बँडही वाजेल. तें सर्व योग्यच आहे. परंतु बांधाच्या तंट्यावरून सख्ख्या भावाशीं अबोला धरणारा, दारूपायीं लेंकरांच्या तोंडचा घांस काढणारा, मजुराची मजुरी अडकवून ठेवणारा जर तसाच मिरवणुकींत चालला, तर त्याचा उत्सव शौलाच्या यज्ञासारखा होईल. आधीं भावाच्या दारीं जा, मजुरी चुकती करा, मग पापनिवेदनास या. त्यानंतर संकट आलेंच, तर देवानें टाकिलें असें म्हणूं नका. बापाचा हात ओळखा. हीच कृपा आपणां सर्वांस लाभो, आणि दावीदाच्या वंशांत जन्मलेला प्रभु येशू ख्रिस्त आपल्या या धर्मग्रामास सदैव आशीर्वाद देवो.