खाच कापणारे चाक : सॅम्युएल बेंथम

एखाद्या जुन्या लाकडी दाराजवळ उभे राहून ते नीट न्याहाळा. बाहेरून जाड चौकट आणि तिच्यात बसवलेली पातळ फळी दिसेल. दार चांगल्या मिस्त्रीने केलेले असेल तर त्या फळीला खिळा नसतो आणि सरसही लावलेला नसतो. तिच्या चारही कडा चौकटीच्या आतल्या खोबणीत नुसत्या शिरलेल्या असतात. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. फळीला खोबणीत हलायला दोन-तीन मिलिमीटर जागा असली की ती वर्षानुवर्षे टिकते. ती जाम चिकटवून टाकली तर एक-दोन पावसाळ्यांत तडकते.

फळीच्या मधोमध दोन भिंतींची चर कापली तर ती खोबण. कडेलाच पायरीसारखा कोपरा काढला तर त्याला मिस्त्री लोक रिबेट म्हणतात. खिडकीची काच बसते ती अशाच पायरीत. ही दोन्ही कामे पूर्वी हाताने होत. अरुंद पात्याचा खास रंधा असे, तो पुन्हा पुन्हा सरळ ओढावा लागे, आणि खोली सगळीकडे सारखी राखण्यात कारागिराची परीक्षा होई. हात जरा झुकला की खोबण तिरकी, आणि तिरक्या खोबणीत फळी अडकते. हे काम फिरत्या पात्याने, ठरलेल्या खोलीवर आणि ठरलेल्या अंतरावर करता येईल असा विचार ज्यांनी पद्धतशीरपणे कागदावर उतरवला, त्यांत सॅम्युएल बेंथम यांचे नाव फार वरचे आहे. या अंकात आम्ही त्यांचे चरित्र देत आहोत.

बेंथम हे आडनाव वरच्या वर्गांतील मुलांनी ऐकलेले असेल, पण ते थोरल्या भावामुळे. जेरेमी बेंथम हे प्रसिद्ध तत्त्वज्ञ आणि कायद्याचे पंडित. सॅम्युएल त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, जन्म ११ जानेवारी १७५७, लंडन. वडील वकील होते. सात भावंडांपैकी हे दोघेच जगले, आणि आईही सॅम्युएल दोन वर्षांचा असताना गेली. त्यामुळे भावाभावांचे सूत शेवटपर्यंत घट्ट राहिले.

वकिलाच्या मुलाने वकील व्हावे अशी त्या काळची रीत. या मुलाचा ओढा मात्र जहाजांकडे. अखेर चौदाव्या वर्षी तो वुलविचच्या सरकारी गोदीत जहाज बांधणाऱ्या मुख्य कारागिराकडे उमेदवारीला लागला. सात वर्षे. म्हणजे ज्या वयात त्याच्या बरोबरीची श्रीमंतांची मुले लॅटिन घोकत होती, त्या वयात हा करवत आणि वाकस हातात धरून ओक लाकडाच्या ढिगाऱ्यात उभा होता. पुढे त्यांनी जे केले त्याचे मूळ या सात वर्षांत आहे असे आम्हांला वाटते. बाहेरून बघणाऱ्याला सुतारकाम एकच दिसते. आत राबणाऱ्याला कळते की त्यात तीच ती पाच-सात कामे हजार वेळा करावी लागतात : सपाट करणे, चिरणे, भोक पाडणे, कुसू काढणे, खोबण आणि रिबेट कापणे.

उमेदवारी संपली, पण इंग्लंडच्या गोदीत तरुणाच्या नव्या कल्पना ऐकायला कोणी बसलेले नव्हते. १७८० साली ते रशियात पोहोचले. सैबेरियातून थेट चीनच्या सरहद्दीपर्यंत प्रवास केला, खाणी पाहिल्या, कारखाने पाहिले. १७८४ पासून ते राणी कॅथरिनचे बलाढ्य सरदार प्रिन्स पोटेमकिन यांच्या चाकरीत गेले. पोटेमकिन यांची क्रिचेव्ह येथे, म्हणजे आजच्या बेलारूसमध्ये, मोठी जहागीर होती. तिथे दोरखंड, शिडाचे कापड, काच, जहाजे असे नाना उद्योग उभे करायचे होते. हाताशी होते ते शेतकरी आणि शिपाई. कसबी सुतार जवळजवळ नाहीत. कसब माणसात नसेल तर ते अवजारात कसे घालता येईल, हा प्रश्न त्यांना तिथे पडला आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही.

याच क्रिचेव्हमध्ये त्यांना आणखी एक कल्पना सुचली. गोल इमारत बांधावी, मधोमध देखरेख करणारा बसावा, आणि त्याला सभोवतालचे सगळे कामकरी दिसावेत. १७८६-८७ मध्ये जेरेमी भावाकडे राहायला आले होते. त्यांनी ही कल्पना उचलली आणि तिच्यावरून तुरुंगाची योजना रचली. पॅनॉप्टिकन या नावाने ती जगभर गाजली. पण मुळात ती नवशिक्या कामगारांवर लक्ष ठेवण्याची युक्ती होती, आणि ती धाकट्या भावाची होती.

रशियातल्या त्यांच्या पराक्रमांवर एक स्वतंत्र लेख होईल. नदीच्या वळणांतून गांडुळासारखी वळत जाणारी, तुकड्यातुकड्यांची जोडनौका त्यांनी बांधली. १७८८ मध्ये तुर्कांविरुद्ध लिमानच्या लढाईत हलक्या होड्यांवर जड तोफा बसवून त्यांनी मोठा विजय मिळवायला मदत केली, आणि त्याबद्दल त्यांना सेंट जॉर्जचा सन्मान मिळाला. पण आपल्याला खोबणीकडे परत यायचे आहे.

१७९१ साली ते इंग्लंडला परतले. त्याच वर्षी त्यांनी लाकूड रंधण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. जेरेमी तेव्हा सरकारकडे आपल्या तुरुंगाचा पाठपुरावा करीत होते. कैद्यांना काम काय द्यायचे? तर लाकूडकाम. पण कैदी सुतार नसतात. म्हणून अशी यंत्रे हवीत की जी कोणीही चालवू शकेल. दोघा भावांनी लंडनमधल्या घरी यंत्रे मांडली आणि पाहुण्यांना दाखवली. तुरुंग काही बांधला गेला नाही. यंत्रांची कल्पना मात्र २३ एप्रिल १७९३ च्या पेटंटात कायमची नोंदली गेली.

हे पेटंट एका यंत्राचे नाही. जवळजवळ सगळ्या सुतारकामाची त्यात फोड केलेली आहे. फिरत्या चाकाला पाती लावून रंधणे, नक्षीची कड काढणे, खोबण कापणे, रिबेट काढणे, भोके पाडणे, कुसू काढणे, गोल करवतीने चिरणे हे सगळे त्यात येते. बाकाच्या फटीतून वर येणारी करवत आणि लाकडाला समांतर चालवणारी सरकती पट्टी यांचेही वर्णन आहे. १८७२ साली जॉन रिचर्ड्स या अभियंत्याने लाकूडकामाच्या यंत्रांवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा ऐंशी वर्षांनंतरही त्याला या पेटंटाचे कौतुक आवरले नाही.

आता आजच्या कारखान्यातली साधी गोल करवत डोळ्यांसमोर आणा. पाते बाकाच्या वर किती काढायचे ते ठरवले की खोबणीची खोली ठरली. पट्टी पात्यापासून किती दूर ठेवायची ते ठरवले की खोबणीची जागा ठरली. पाते पातळ असेल तर पट्टी थोडी थोडी सरकवून दोन-तीन वेळा लाकूड ढकलायचे, किंवा जाड पात्यांचा जुडगा लावून एकाच फेरीत काम उरकायचे. रिबेटला दोन काप लागतात : एक फळी आडवी ठेवून, दुसरा ती उभी धरून. दोन्ही काप कोपऱ्यात भेटले की चौकोनी पट्टी सुटून निघते. इथे जाणकार मिस्त्री एक गोष्ट कटाक्षाने पाळतो. शेवटच्या कापात ती सुटणारी पट्टी पाते आणि सरकती पट्टी यांच्या बेचक्यात येऊ देत नाही. आली तर फिरते पाते तिला बाणासारखी मागे फेकते, आणि मागे माणूस उभा असतो. फिरत्या दंडावर पाती असलेल्या स्पिंडलवर किंवा राउटरवरही नियम तोच : लाकूड पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने द्यायचे, नाहीतर यंत्र ते हातातून ओढून घेते. कार्यशाळेत जाणाऱ्या मुलांनी हे दोन्ही नियम वहीत लिहून ठेवावेत, आणि सर शेजारी उभे असल्याशिवाय बटणाला हात लावू नये.

आता बेंथम यांच्या आयुष्यातला सर्वांत भरीव काळ. १७९६ साली ब्रिटिश नौदलाने त्यांना नौदल बांधकामांचे महानिरीक्षक नेमले. त्याच वर्षी त्यांचा मेरी सोफिया फोर्डाइस यांच्याशी विवाह झाला. १७९९ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत वाफेचे इंजिन बसले. सुकी गोदी उपसायला ते हवे होतेच. मग रिकाम्या वेळात त्याच इंजिनावर लाकूड कापायची यंत्रे का चालवू नयेत, असा बेंथम यांचा हिशेब. सरकारी खात्यात एका खर्चात दोन कामे बसवणारा अधिकारी किती अप्रिय होतो, हे सांगायला नको.

शिडाच्या जहाजाला कप्प्या लागतात. एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार, आणि साऱ्या नौदलाला वर्षाला एक लाखाच्या आसपास. कप्पीचे घर एल्म लाकडाचे, आतले चाक लिग्नम व्हिटी नावाच्या अत्यंत कठीण लाकडाचे. चाकाच्या काठाला दोर बसण्यासाठी खोबण, घराच्या बाहेरच्या अंगालाही दोर गुंडाळण्यासाठी खोबण, आणि मधोमध चाक फिरायला आरपार भोक. म्हणजे खोबणीवर खोबण. बेंथम स्वतः कप्प्यांची यंत्रे आखत होतेच. तेवढ्यात फ्रान्समधून अमेरिकामार्गे आलेले मार्क ब्रूनेल आपली रेखाटने घेऊन आले. ती आपल्यापेक्षा सरस आहेत हे बेंथम यांनी पाहिले, आणि स्वतःची बाजूला ठेवून ब्रूनेल यांची शिफारस केली. १८०२ मध्ये मंजुरी आली. यंत्रे घडवली हेन्री मॉडस्ले या अव्वल कारागिराने, तीही लोखंडी. पंचेचाळीस यंत्रे, लहान-मध्यम-मोठ्या कप्प्यांसाठी तीन संच. प्रत्येक यंत्र एकच काम करी आणि लाकूड पुढच्या यंत्राकडे जाई. १८०८ मध्ये वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. पूर्वी ११० कसबी माणसे करीत ते काम १० साधी माणसे करू लागली.

या शेवटच्या आकड्यापाशी आम्ही थांबलो. उरलेल्या शंभरांचे काय झाले असेल? चरित्र लिहिताना नायकाच्या बाजूने वाहत जाणे सोपे असते. सरकारचे पैसे वाचले, जहाजे वेळेवर सजली, हे खरेच. पण कप्पी घडवण्याचे कसब ज्याच्या बोटांत होते, त्याला आता नुसता दांडा ओढायला उभे केले गेले किंवा घरी पाठवले गेले. गोदीतल्या सुतारांना उरलेले लाकडाचे तुकडे घरी नेण्याचा जुना हक्क होता. १८०१ मध्ये तो काढून त्याऐवजी पैसे देण्याचे ठरले, आणि त्या सुधारणेतही बेंथम यांचा हात होता. तुकड्यांच्या नावाखाली चांगले लाकूडही बाहेर जाई हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरी सुताराच्या घरच्या चुलीला आणि छपराला तेच तुकडे लागत, हेही खोटे नाही. स्वतः सात वर्षे उमेदवारी केलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी ते जाणून पुढे पाऊल टाकले.

नौदलातल्या जुन्या मंडळींशी त्यांचे कधीच पटले नाही. १८०५ मध्ये त्यांना जहाजबांधणीच्या कामावर रशियाला पाठवण्यात आले. तिथे ते काम होऊ शकले नाही. १८०७ मध्ये परत येतात तो त्यांचे पदच मोडीत निघालेले. दुय्यम जागेवर काही वर्षे काढल्यावर १८१२ मध्ये तीही रद्द झाली आणि निवृत्तिवेतन हाती आले. १८१४ पासून पुढची बारा-तेरा वर्षे कुटुंब फ्रान्समध्ये राहिले. ३१ मे १८३१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. जेरेमी पुढच्याच वर्षी गेले.

कप्प्यांच्या कारखान्याचे श्रेय जगाने ब्रूनेल आणि मॉडस्ले यांना दिले आणि ते योग्यच आहे. बेंथम यांची बाजू मांडली ती पत्नी मेरी सोफिया यांनी. त्यांनी पतीचे चरित्र लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या मुलांना बेंथम हे आडनाव आणखी एकदा भेटेल. वनस्पतिशास्त्रात बेंथम आणि हूकर यांचे वर्गीकरण शिकवतात. त्यातले जॉर्ज बेंथम हे सॅम्युएल यांचेच चिरंजीव, जन्म १८००. वडील लाकडाची कामे वेगवेगळी करून मांडीत होते, मुलाने झाडांची कुळे मांडली.

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हा पोर्ट्समथची यंत्रे ऐंशीहून अधिक वर्षे जुनी झाली होती आणि तरीही चालू होती. त्या इमारतीत कप्प्या बनवणे थांबले ते १९६५ च्या सुमारास. त्यांतली काही यंत्रे लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलेली आहेत.