डॉ. पां. वा. सुखात्मे : आकड्यांच्या साक्षीचे पारखी

विसाव्या शतकात महाराष्ट्राने देशाला जे थोर संख्याशास्त्रज्ञ दिले, त्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे स्थान फार वरचे आहे. विद्वानांच्या जगात त्यांची कीर्ती दूरवर पसरली. परंतु ज्या शेतकऱ्याच्या पिकाचा आणि ज्या गरिबाच्या ताटाचा त्यांनी जन्मभर विचार केला, त्याला हे नाव अभावानेच ठाऊक असते. गोदावरीच्या उत्तर तीरावरील मंचेरियलचा मुलूख २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. भात आणि कापूस ही इथल्या शेतीची दोन मोठी पिके. प्राणहितेच्या पलीकडे गडचिरोली आणि थोडे वर वऱ्हाड. त्या वऱ्हाडातील कापसाच्या शेतांचा या चरित्राशी जवळचा संबंध आहे. म्हणून शताब्दीच्या या ग्रंथात त्यांच्या जीवनकार्याचा अल्प परिचय करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या खेड्यात झाला. पर्जन्यछायेतील हा कोरडवाहू प्रदेश. पावसाने दगा दिला की घरोघर काय घडते, हे तेथील मुलाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढील वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्राच्या इतिहासातील तो सोनेरी काळ होता. कार्ल पिअर्सन, त्यांचे पुत्र इगॉन पिअर्सन, रोनाल्ड फिशर आणि येर्झी नेमन ही या शास्त्राची शिखरे त्या एकाच परिसरात वावरत होती. या गुरुजनांचे आपसांत पटत नसे. शिष्याने मात्र प्रत्येकाकडून घेण्याजोगे ते घेतले. १९३६ मध्ये त्यांना पीएच. डी. आणि १९३९ मध्ये नमुना पाहणीच्या सिद्धांतावरील कार्याबद्दल डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

कार्ल पिअर्सन यांच्या एका जुन्या कामाचा येथे उल्लेख केला पाहिजे. १९०४ मध्ये त्यांनी विषमज्वराच्या प्रतिबंधक लसीसंबंधी ब्रिटिश सैन्याच्या निरनिराळ्या तुकड्यांतून आलेले आकडे एकत्र केले आणि त्या सर्वांतून मिळून काय निष्पन्न होते ते पाहिले. अनेक स्वतंत्र अभ्यासांचे निष्कर्ष एका तागडीत तोलण्याच्या या पद्धतीला पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतील जीन ग्लास यांनी 'मेटा-अ‍ॅनालिसिस' असे नाव दिले. आज औषधोपचारापासून शिक्षणापर्यंत सर्व क्षेत्रांत तिचा अवलंब होतो. सुखात्मे यांनी या नावाखाली काही लिहिले नाही. परंतु त्या पद्धतीच्या मुळाशी जी मोठी अडचण आहे, ती त्यांना आयुष्यभर वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिली. ती अडचण अशी, की शंभर आकडे हाती आले म्हणजे शंभर साक्षीदार मिळाले असे होत नाही. एकाच घरातील पाच जणांनी सांगितलेली एकच हकीकत जशी पाच स्वतंत्र साक्षी ठरत नाही, तसेच हे आहे.

१९४० मध्ये सुखात्मे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्या वेळी पिकाचा अंदाज आणेवारीवर चाले. पाटील-पटवाऱ्यांनी बांधावरून नजर टाकावी, पीक किती आणे आहे ते ठरवावे आणि त्या ठोकताळ्यांची बेरीज सरकारदरबारी जावी, असा तो शिरस्ता होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडली आणि देशातील धान्याचे आकडे किती कच्चे आहेत हे सर्वांच्या ध्यानी आले. त्याच सुमारास वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. कळमकर यांनी कापसाच्या पिकावर, तर सुखात्मे यांच्या मार्गदर्शनाखाली उत्तरेत गव्हाच्या पिकावर, पीक कापणीचे प्रयोग सुरू झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दैवगतीने गावे निवडायची, गावांतून शेते निवडायची, शेतात ठराविक मापाचा तुकडा आखून पीक कापायचे आणि तोलायचे, अशी ही पद्धत होती.

आता प्रश्न आला तो असा, की शंभर शेतांची कापणी करायची तर ती वीस गावांत पाच-पाच करावी, की पन्नास गावांत दोन-दोन? कारकुनाला पहिला मार्ग सोयीचा, कारण फिरणे कमी. परंतु एका गावाची जमीन सारखी, पाऊस सारखा, बियाणे आणि कीडही बहुधा सारखीच. तेथील पाच शेते परस्परांची री ओढतात. समजा, एका गावातील शेतांच्या उत्पन्नात ०.४ इतका सहसंबंध आहे. मग प्रत्येक गावात पाच शेते घेतल्यास सरासरीचे प्रचरण, सर्व शेते स्वतंत्र असती तर झाले असते त्याच्या २.६ पट होते. अर्थात कापलेल्या शंभर शेतांची साक्ष सुमारे अडतीस शेतांइतकीच भरते. पन्नास गावांत दोन-दोन शेते घेतली, तर तीच साक्ष एकाहत्तरांच्या घरात जाते. पुढे देशभर रूढ झालेल्या पीक पाहणीत प्रत्येक गावातून साधारणतः दोनच शेते घेण्याची प्रथा पडली, तिच्यामागे हे गणित आहे.

याच काळात प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा गाजलेला मतभेद झाला. बंगालमध्ये महालनोबिस कापणीसाठी लहान आकाराचे तुकडे वापरीत; ते स्वस्त पडत आणि पुष्कळ घेता येत. सुखात्मे यांनी मुरादाबादच्या गव्हावर निरनिराळ्या मापांचे तुकडे कापून पाहिले. तुकडा जितका लहान तितके उत्पन्न जास्त दिसते, असे त्यांना आढळले. कारण उघड होते. लहान तुकड्याला क्षेत्रफळाच्या मानाने कडा अधिक, आणि कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यातील बोध पुढील संशोधकांनाही उपयोगी पडावा असा आहे. ज्या मोजणीत सर्वांची चूक एकाच दिशेने झुकते, तेथे मोजण्या कितीही वाढविल्या तरी चूक धुऊन जात नाही. उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास मात्र वाढतो.

१९४७ मध्ये भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्था स्थापन झाली, डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे पहिले अध्यक्ष होते आणि सुखात्मे तिच्या संस्थापकांपैकी एक. नमुना पाहणीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ आणि पानसे यांच्यासह लिहिलेले शेतकी संशोधकांसाठीचे पाठ्यपुस्तक ही दोन्ही १९५४ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. दुसऱ्या ग्रंथावर कृषी महाविद्यालयांतील कित्येक पिढ्या वाढल्या.

दरम्यान सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि सुमारे दोन दशके तेथील संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी वाहिली. जगातील दोन-तृतीयांश लोक उपाशी आहेत असे त्या काळी सर्रास बोलले जाई. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचून दाखवून दिले, की केवळ सरासरी उपलब्ध अन्नावरून भुकेल्यांची गणती होत नाही; अन्न माणसामाणसांत कसे वाटले गेले आहे ते पाहावे लागते. त्यांच्या हिशेबाने जगातील दहा ते पंधरा टक्के लोक अर्धपोटी होते आणि भूक किंवा निकस आहार यांनी ग्रासलेल्यांची संख्या निम्म्यापर्यंत जात होती. पुढे सोसायटीने त्यांना आपले रौप्यपदक दिले. ती संघटना आजही भुकेल्यांची गणती करताना अन्नाच्या वाटपाचा विचार करते, तो त्यांनी घालून दिलेल्या मार्गानेच. १९७१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले.

निवृत्तीनंतर पुण्यास परतलेल्या सुखात्मे यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त प्रश्नाला हात घातला. शेतांच्या ठिकाणी आता माणसाच्या आहाराचे दिवस आले होते. एकाच माणसाचे सात दिवसांचे जेवण मोजले तर सात स्वतंत्र आकडे मिळतात काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. आजचा आहार कालच्या आहाराशी जोडलेला असतो. लागोपाठच्या दिवसांत ०.५ सहसंबंध धरला आणि तो दिवसागणिक निम्मा होत जातो असे मानले, तर सात दिवसांची सरासरी सुमारे तीन स्वतंत्र दिवसांइतकीच भरवशाची ठरते. अमेरिकेतील शेल्डन मार्गेन यांच्यासह १९७८ आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनी या परस्परावलंबनाचा सिद्धांत मांडला. शरीर आपली गरज काही मर्यादेत स्वतःच सांभाळून घेते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित मानणे चूक आहे, सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून येणारी मर्यादा धरावी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या मर्यादेवर कोट्यवधी माणसांचे नशीब अवलंबून होते. रेषा खाली आणली की उपाशी माणसांची संख्या कागदावर एकदम घटते आणि सरकारचे दायित्वही हलके होते. १९७१ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याचे जे मोजमाप केले होते, त्यावर सुखात्मे यांनी आक्षेप घेतला आणि पुण्याच्या दोन मोठ्या विद्वानांत जाहीर वाद झडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संचालकपद भूषविलेले डॉ. सी. गोपालन यांनी तर या सिद्धांताला कसून विरोध केला. आहारातील चढउतार म्हणजे गरजेतील चढउतार नव्हे, आणि कमी अन्नावर जुळवून घेणाऱ्या मुलाची वाढ खुंटते, ही किंमत हिशेबात धरलीच पाहिजे, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता. हा आक्षेप वजनदार होता आणि पोषणशास्त्रज्ञांपैकी बहुतेकांनी सुखात्मे यांचा शरीरशास्त्रीय निष्कर्ष स्वीकारला नाही. आकडे परस्परांशी जोडलेले आहेत हे दाखविणे ही एक गोष्ट. ते का जोडलेले आहेत हे सिद्ध करणे ही दुसरी. पहिलीत सुखात्मे यांचा पाया भक्कम होता, दुसरीत तो तसा ठरला नाही. तथापि भुकेला कमी लेखणारे ते नव्हते. खाल्लेले अन्न अंगी लागायचे तर पिण्याचे पाणी शुद्ध हवे, जंत आणि अतिसार यांचा बंदोबस्त हवा, हे त्यांनी वारंवार बजावले. कष्टकऱ्यांना स्वस्तात सकस जेवण मिळावे म्हणून पुण्यात सामुदायिक स्वयंपाकघराच्या उपक्रमातही त्यांनी लक्ष घातले.

१९९७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या काळात मेटा-अ‍ॅनालिसिस करणाऱ्यांपुढे तोच जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. एका संशोधनात एकाच मुलांची उंची, वजन आणि दंडाचा घेर मोजलेला असतो, तीन महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा मोजलेला असतो, आणि दोन औषधांची तुलना एकाच गटाशी केलेली असते. अशा एका संशोधनातून तीस आकडे यावेत आणि दुसऱ्या दहांतून एकेकच, तर सरळ बेरजेत तो एकटा बाकीच्यांचा आवाज बुडवून टाकतो. यावर उपाय आहेत. प्रत्येक संशोधनातून एकच आकडा घ्यावा. पण त्यात माहिती वाया जाते. संशोधनाची अंतर्गत सरासरी काढावी. पण सहसंबंध ठाऊक नसेल तर तिची अचूकता सांगता येत नाही. गाव आणि शेत यांप्रमाणे संशोधन आणि त्यातील आकडे असे थर मानून हिशेब करावा, किंवा २०१० मध्ये लॅरी हेजेस, एलिझाबेथ टिप्टन आणि मॅथ्यू जॉन्सन यांनी सुचविल्याप्रमाणे प्रत्येक संशोधनाचा एक गट धरून, सहसंबंध नेमका ठाऊक नसतानाही टिकेल असे प्रचरण काढावे. या उपायालाही संशोधनांची संख्या पुरेशी लागते. एकाच संशोधनातील आकडे वाढवून ती उणीव भरून निघत नाही. पन्नास गावे की वीस गावे, हाच तो प्रश्न.

सुखात्मे यांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत होण्याची गरज नाही. त्यांच्या हयातीतही पुष्कळांना ते पटले नाहीत. परंतु एखादा आकडा शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईचा किंवा बालकाच्या आहाराचा निकाल लावणार असेल, तर तो किती स्वतंत्र साक्षींवर उभा आहे हे आधी विचारले पाहिजे, ही शिस्त त्यांनी या देशाला लावली. आणेवारीच्या नजरअंदाजाकडून पीक तोलून पाहण्याकडे जे वळण मिळाले, त्यामागे बुधच्या या सुपुत्राची चाळीस-पन्नास वर्षांची तपश्चर्या आहे.