तापला की स्वतःच बंद होणारा रेग्युलेटर : बॉब विडलरची गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात माझी रिमोटवरची गाडी ऐन वळणावर सरळ भिंतीवर जाऊन आदळली. रिसीव्हरचा दिवा विझलेला. पाचेक मिनिटांनी सगळं परत चालू! जळलं काहीच नव्हतं. मी हौसेने दोन सेलच्या लायपोऐवजी तीन सेलची लावली होती. १२.६ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना लिनिअर रेग्युलेटर दर अँपिअरला ७.६ वॅट उष्णता काढतो. आधी ती ३.४ वॅट होती. बिचारा तापून स्वतःच बंद पडला. ही सोय आली कुठून, हे शोधताना मला बॉब विडलर भेटला.

जन्म १९३७, अमेरिकेतलं क्लीव्हलँड. वडील रेडिओ स्टेशनवर इंजिनिअर. हवाई दलात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून, १९६३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाची पदवी घेऊन तो फेअरचाइल्डला लागला. तिथल्या ७०९ ऑप-अँपने त्याचं नाव झालं, पण आपल्या कामाचं घडलं ते पुढे, नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये.

त्याच्या एलएम१०० रेग्युलेटरला जास्त करंटसाठी बाहेरून ट्रान्झिस्टर जोडावा लागे. १९७० च्या सुमारास एलएम१०९ आला : इनपुट, आउटपुट, ग्राउंड, बस्स. आपल्या ७८०५ चा थोरला भाऊच म्हणा. अडचण अशी, की तापणारा पॉवर ट्रान्झिस्टर आणि नाजूक रेफरन्स एकाच चिपवर. शिवाय झेनरला सहा-सात व्होल्ट लागतात. विडलरने झेनरच सोडला. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज तापल्यावर घटतो. वेगवेगळ्या करंट घनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या या व्होल्टेजमधला फरक मात्र वाढतो. दोन्ही योग्य प्रमाणात मिळवले की सुमारे १.२ व्होल्ट मिळतात, आणि ते तापमानाने फारसे हलत नाहीत. तरीही चिप फार तापलीच तर आउटपुट बंद. यात चिप वाचते. गाडी वाचेलच असं नाही!

माणूस तऱ्हेवाईक. खराब पार्ट निघाला की हातोड्याने त्याचा भुगा करायचा. कंपनीने लॉन कापायचा खर्च थांबवला तर चरायला मेंढी घेऊन आला. डिसेंबर १९७० मध्ये, ३३ व्या वर्षी नोकरी सोडून मेक्सिकोत पोर्टो व्हायार्ताला गेला. पुढे सल्लागार म्हणून डिझाइन करत राहिला. २७ फेब्रुवारी १९९१ ला तिथेच हृदयविकाराने गेला, वय ५३.

तीन सेलच्या गाडीत मी आता स्विचिंग रेग्युलेटर लावलाय. जुना फेकला नाही. दोन सेलवर तो अजून मस्त चालतो.