फाळक्यांचा दिवा

स्नेहसंमेलनासाठी आपल्या नववीच्या मुलांनी मोबाइलवर केलेली छोटी चित्रफीत आम्ही सर्वांनी पाहिली. संवाद चांगले होते, पाठांतर तर उत्तमच. पण दरबाराच्या प्रसंगात राजा खिडकीकडे पाठ करून उभा राहिला आणि घोटाळा झाला. खिडकी पांढरीशुभ्र, राजाचे तोंड काळेठिक्कर! भाड्याने दिवे आणले असते तर असे झाले नसते, असे मुलांचे म्हणणे आहे आणि तशी मागणीही विश्वस्त मंडळाकडे आली आहे. तिचा विचार यथावकाश होईलच. तोवर, ज्यांनी आपला पहिला चित्रपट केवळ दिवसाच्या उजेडावर काढला, त्या दादासाहेब फाळक्यांची हकिकत येथे देत आहोत. ते आपल्या बडोद्यात शिकले, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे जाणकार. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे, म्हणून 1885 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातले. पुढे थोरल्या बंधूंबरोबर ते बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली येथे कलाभवन सुरू झाले होते. आज त्याच जागी विश्वविद्यालयाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा आहे. तेथे फाळक्यांनी चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी त्यांना संस्थेचा फोटो-स्टुडिओ वापरायला दिला. उजेड कुठून येतो, कुठे अडतो आणि काचेवर कसा उमटतो, हे ते येथे शिकले असावेत, असे आम्हांस वाटते. बडोदेकर म्हणून हा अभिमान आम्ही थोडा जास्तच बाळगतो!

नंतरची वर्षे खडतर गेली. गोध्र्यास छायाचित्रकार म्हणून बस्तान बसवले, तर प्लेगात पत्नी आणि मूल दोघेही गेले. बडोद्यास परत येऊन पुन्हा तोच धंदा मांडला. पण फोटो काढला की अंगातली शक्ती जाते, अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेना. 1902 साली त्यांचा दुसरा विवाह झाला, त्याच सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यातली नोकरी, मग लोणावळ्याचा छापखाना, पुढे भागीदारांशी बेबनाव, असे करता करता वयाची चाळिशी आली. त्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्याकडच्या कथा पडद्यावर आणायच्याच, असा ध्यास घेतला. रोज चित्रपट पाहणे, रात्री जागून प्रयोग करणे, झोप नाही. परिणामी दृष्टीच गेली! डॉक्टरांच्या उपचाराने ती परत आली हे नशीब. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते 1912 च्या आरंभी लंडनला गेले आणि हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा व फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेऊन आले.

पैसे देणाऱ्यांना खात्री पटवायची कशी? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोवला. महिन्याहून अधिक काळ थोडीथोडी चित्रे टिपत त्यांनी रोप वाढताना दाखवले. जेमतेम मिनिटभराचा तो पट पाहून कर्ज मिळाले. अर्थात त्या कर्जाने सारे भागण्यासारखे नव्हते. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

दादरच्या मथुरा भवनात 'राजा हरिश्चंद्र'चे काम सुरू झाले. त्या काळची फिल्म फार मंद होती. घरात पुरेसा वाटणारा उजेड तिला अंधारासारखाच. तिला लाल रंगही जवळजवळ दिसत नसे, लाल कापड पडद्यावर काळे दिसे. अशा फिल्मला भागेल इतका उजेड देणारे मोठे विजेचे दिवे फाळक्यांच्या ऐपतीबाहेरचे. मग उरले ऊन. ते फुकट खरे, पण खट्याळ. दुपारचे ऊन डोक्यावरून आले की कपाळ चकाकते आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार बसतो. ढग आला की थांबायचे. सूर्य कलला की सावल्या सरकतात आणि सकाळच्या तुकड्याशी दुपारचा तुकडा जुळत नाही.

यावर उपाय होता पांढऱ्या चादरीचा. पात्रावर एका अंगाने ऊन पडत असेल, तर दुसऱ्या अंगाला पांढरे कापड ताणून धरायचे. त्यावर आपटून परतलेला उजेड मऊ असतो, तो चेहऱ्यावरच्या काळ्या भागात शिरतो आणि डोळे दिसू लागतात. ही चादर धरून सरस्वतीबाई तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. त्याखेरीज साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. रात्री अंधारात कोऱ्या फिल्मला भोके पाडायची, दिवसा घेतलेली फिल्म धुवायला यजमानांना मदत करायची. प्रसंग बिघडलेला दिसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन, पुन्हा चादर. कॅमेरा फिरवत होते बालमित्र त्र्यंबक तेलंग, त्यांनाही फाळक्यांनीच शिकवले. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. या साऱ्यांची नावे निदान जाणकारांच्या तोंडी आहेत. चादर धरणारीचे नाव मात्र फार उशिरा कोणाच्या लक्षात आले, याची आम्हांस खंत वाटते.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसमोर आला आणि चालला. पुढे नाशिकला कंपनी निघाली. 'लंका दहन' (1917) आणि 'कालिया मर्दन' (1919) गाजले. 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. नंतर बोलपट आले. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. 'गंगावतरण' (1937) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. अखेरचा काळ नाशकात ओढगस्तीत गेला आणि 16 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार 1969 सालापासून दिला जातो.

आता आपल्या राजाबद्दल. चित्रफीत पुन्हा घेण्याचे ठरले आहे. येत्या रविवारी सकाळी साडेआठला, ऊन तिरपे असताना, पूर्वेच्या व्हरांड्यात जमावे. राजाने या वेळी उजेडाकडे तोंड करून उभे राहायचे आहे. शाळेची पांढरी चादर कार्यालयात काढून ठेवली आहे. ती धरायला दोन उंच मुले लागतील. त्यांची नावे शेवटच्या पाटीवर न विसरता लिहावीत. पालकांपैकी कोणाकडे आणखी एखादी जुनी, डाग नसलेली चादर असल्यास मुलांबरोबर पाठवावी.